आक्काचा पाय

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी कडा गावाकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या पडीक माळावर आमच्या भागातल्या एका सहकारी सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली. मी तेव्हा जवळच्या उपकेंद्रात नर्स होते. छावणी माझ्याच हद्दीत आली. कागदावर ती जनावरांची होती, पण जनावरांना एकटं कोण सोडणार? प्रत्येक दावणीला एक बाई नाहीतर एक म्हातारा होताच. लुगडी, ताडपत्र्या आणि खताच्या पोत्यांची पालं ठोकून माणसं गुरांच्या शेजारीच राहायला आली. साखर कारखान्याकडून ट्रॅक्टर भरून ऊस आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, यायचे, तोच चारा. टँकर एक दिवसाआड यायचा. पाणी आधी हौदात, जनावरांसाठी. मग घागरी. हात धुवायला पाणी मागायची बायांना लाज वाटायची, इतकं ते कमी होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, त्या छावणीत होती. दोन बैल आणि एक गाभण गाय घेऊन. दाजी आणि तिचा मुलगा टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेले होते. आक्काबरोबर सून आणि चार वर्षांची नात, एवढीच माणसं. आक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. माझी वेणी आक्कानं घातली, माझं नर्सिंगचं शिक्षण आक्काच्या कोयत्यावर झालं. लग्नानंतरही ती सहा महिने ऊस तोडायची आणि घरी आली की मला बीडला वह्या, साबण, शेंगदाण्याचा लाडू पाठवायची. मी पहिल्यांदा पांढरा ड्रेस घालून तिच्या दारात गेले तेव्हा तिनं मला आत घेतलं नाही. म्हणाली, "थांब, आधी डोळं भरून बघू दे." आणि मग शेजारच्या चार बाया बोलावून आणल्या.

छावणी माझ्या हद्दीत आल्याचा मला मनातून आनंदच झाला होता. कामावर जाता-येता बहीण भेटणार होती.

फाल्गुनात छावणीतल्या पोरांचे घसे धरायला लागले. आधी दोन-तीन पोरं, मग पालापालांत. ताप, गिळताना दुखणं, गळ्याला गाठी. त्याच्या जोडीला फोड. डासांनी चावलेलं, खाजवलेलं, त्यावर पिवळी खपली धरलेली, आणि धुवायला पाणी नाही. एका गोधडीत चार-चार लेकरं झोपायची. मी पिशवी घेऊन फिरायची, गोळ्या द्यायची, खपल्या पुसायची. आक्काच्या नातीचाही घसा धरला. तिला मी पातळ औषध दिलं. दोन दिवसांत ती खेळायला लागली म्हणून सुनेनं बाटली पालाच्या बांबूला लटकवून ठेवली, अर्धी तशीच. पुढं माझाही घसा धरला. मी उभ्या-उभ्या कॅप्सूल गिळल्या आणि कामाला लागले. घसा दुखतो म्हणून नर्सनं सुट्टी घेतली असं आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं.

सोमवारी दुपारी ऊस घेऊन ट्रॅक्टर आला. जनावरं ओढायला लागली. आक्का गाईला आवरत होती, तेवढ्यात गाईचा खूर तिच्या उजव्या पायावर पडला. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती वैरण तोडत बसली होती.

"दाखव पाय," मी म्हणाले.

"काय न्हाई गं. मुका मार हाय."

पाय किंचित सुजला होता. घोट्याच्या वर जरासं खरचटलं होतं, नखाएवढं. मी ते पुसलं, औषध लावून पट्टी बांधली. बांधताना मला खोकला आला. मी तोंड बाजूला फिरवलं. ते फिरवणं मला आजही आठवतं, पण आधी खोकला आला की आधी तोंड फिरवलं, हे आठवत नाही.

मंगळवारी सकाळी सुनेनं निरोप पाठवला, आत्याबाईंना लई दुखतंय. आक्काला दुखतंय हे ऐकूनच मला नवल वाटलं. तिनं उसाच्या फडात बाळंतपण काढलं होतं. कोयत्यानं करंगळीचं टोक गेलं तेव्हा चिंधी बांधून मोळी उचलली होती. मी गेले तर ती बैलाच्या दाव्याचा खुंटा धरून बसली होती, चेहरा काळवंडलेला.

"हाडात सुई फिरवल्यावानी होतंय, बाई."

मी पट्टी सोडली. सूज कालच्यापेक्षा थोडी जास्त, रंग थोडा लाल. खरचटलेली जागा तर सुकत आलेली. पोटरीला हात लावला तशी ती ओरडली. पोटरीला काहीच झालं नव्हतं, मार खाली लागला होता. अंगात ताप होता. मी मनात हिशेब जुळवला की मार मोठा असणार, सूज वर चढली, आणि ताप तर सगळ्या छावणीलाच आहे. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. गोळ्या दिल्या. पाय उशीवर ठेव म्हणाले. दुपारी पुन्हा निरोप आला. मी पुन्हा गेले, पुन्हा इंजेक्शन दिलं. तासाभरानं ती जरा निवांत पडली, आणि मला वाटलं, उतार पडला.

माझ्या सगळ्या नोकरीत मी असंख्य इंजेक्शनं दिली. त्या दोन इंजेक्शनांचा आवाज मला अजून ऐकू येतो. औषधाच्या कुपीची काच फोडल्याचा.

बुधवारी सकाळी उजाडल्यावर मी घरून थेट तिच्याकडं गेले. पालाभोवती बाया जमल्या होत्या. आक्काचा पाय गुडघ्यापर्यंत टणक झाला होता. पोटरीवर वांग्याच्या रंगाचा मोठा डाग आणि त्यावर फोड, आत काळसर पाणी. तिचं बोलणं मागं-पुढं होत होतं. मला ओळखलं, पण मी शाळेत गेले नाही म्हणून रागावली.

"पान लागलंय तिला," एक म्हातारी म्हणाली, म्हणजे साप चावलाय. "रातीला उसात काय असंल ते. पाय बघ की कसा निळा पडलाय."

सून रडत होती. "त्येंला आता दुखत न्हाई म्हणतेत," ती म्हणाली. "सकाळपासनं एकदा बी वरडल्या न्हाईत."

मी डागावर बोट दाबलं. आक्कानं पायाकडं पाहिलंसुद्धा नाही. तिथली कातडी मेली होती. मला नाव माहीत नव्हतं, पण काहीतरी भयंकर घडतंय एवढं कळलं. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन केला. ते तरुण होते, परळीचे. थर्मल वीजकेंद्राच्या राखेत वाढलोय, मला धुळीचं काय सांगता, असं हसत म्हणायचे. त्या दिवशी ते हसले नाहीत. गाडी घेऊन स्वतः आले. आक्काचं ब्लडप्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं. दंशाची खूण शोधली. मग माझ्याकडं वळले.

"सिस्टर, दुखणं कधीपासून?"

"सोमवारपासून. पण खरं कालपासून. जखमेच्या मानानं फारच दुखत होतं."

ते शब्द माझ्याच तोंडातून निघाले आणि मीच ते ऐकले. डॉक्टरांनी सलाईन लावलं, अँटिबायोटिक दिलं आणि आम्ही नगरची वाट धरली.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात सर्जननं पाय पाहिला आणि दहा मिनिटांत ऑपरेशनची तयारी सांगितली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "वरून दिसतंय त्यापेक्षा आत जास्त आहे. कातडीखालचे पडदे सडत वर चाललेत, तासातासाला. औषध रक्तातून पोचतं, आणि तिथलं रक्तच बंद पडलंय. म्हणून आधी कापून काढायचं, मग औषध. नवरा कुठंय?"

"ऊसतोडीला. कोल्हापूरकडं."

"मुलगा?"

"तोही."

"मग तुम्ही कोण?"

"बहीण."

कागदावर सही मी केली. सही नेहमीसारखी सरळ आली, याचं मलाच नंतर वाईट वाटलं. दुसऱ्यांच्या सह्या घ्यायची सवय असते ना, कुठं करायची ते दाखवावं लागत नाही.

ऑपरेशननंतर सर्जन बाहेर आले. पोटरीच्या आत पू नव्हता, म्हणाले. धुण्याच्या पाण्यासारखं राखाडी, पातळ काहीतरी होतं. मांडीपर्यंत चीर द्यावी लागली. दोन औषधं चालू केली होती, पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन. एक जंतू मारायला. दुसरं, जंतू जे विष सोडतात ते तयार होणंच थांबवायला. "खरा मार विषाचा असतो," ते म्हणाले. "जंतू मेला तरी विष अंगात फिरतं."

गुरुवारी पुन्हा पाहिलं तर सडणं गुडघ्याच्या वर गेलेलं. मांडीतून पाय काढला. त्याही कागदावर सही माझीच.

दाजी आणि मुलगा शुक्रवारी दुपारी पोचले. उसाचा पाचोळा कपड्यांना तसाच, पायांत चपला नव्हत्या, त्या बाहेर कुठं राहिल्या त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी दाजींना आत नेलं. आक्काच्या तोंडात नळी होती, हातांना नळ्या, बाजूला मूत्रपिंडाचं मशीन. दाजींनी आधी तोंड पाहिलं. मग चादरीकडं पाहिलं, एका बाजूला चादर सपाट होती तिथं. त्यांनी हात पुढं केला, आणि त्या सपाट जागेला न लावता मागं घेतला.

"गाईचा पाय पडला म्हणालतीस फोनवर," ते मला म्हणाले.

"होय."

"एवढ्यानं?"

मी त्यांना समजावायला लागले, जंतू, विष, रक्त. ते ऐकत होते असं वाटत होतं. मधेच म्हणाले, "आमी हितं असतो तर काय झालं असतं?" ते नव्हते, पण मी होते.

शनिवारी सकाळी आक्का गेली. तिच्या रक्तातून आणि मांसातून काय वाढलं याचा रिपोर्ट त्यानंतर आला. स्ट्रेप्टोकॉकस, अ गट. मी ते नाव नर्सिंगच्या पुस्तकात घशाच्या धड्यात वाचलं होतं. घसा, गाठी, पुढं हृदयाच्या झडपा. मांसाचं एक वाक्य असेल तर ते मी सोडून दिलं असणार.

तिसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे डॉक्टर छावणीत आले. "सिस्टर, तुम्ही रजेवर आहात," म्हणाले. मी म्हणाले, "घरी बसून काय करू?" मग आम्ही दोघं पालापालांतून फिरलो. टॉर्च घेऊन प्रत्येकाचा घसा पाहिला, पोरांचे हातपाय पाहिले. ज्यांना फोड होते, घसा लाल होता, त्यांना पूर्ण दिवसांचं औषध लिहिलं. आक्काच्या पालातल्या माणसांना, आणि मला, काही होत नसलं तरी दिलं. फिरता-फिरता ते मला सांगत होते. हा जंतू घशात असतो, पोरांच्या फोडांत असतो, बहुतेकांना चार दिवस त्रास देतो आणि जातो. क्वचित एखाद्याच्या मांसात उतरतो. कधी बाळंतिणीला, कधी खरचटण्यातून, कधी नुसत्या मुक्या मारातून. दाटी असली, पाणी नसलं की तो या माणसाकडून त्या माणसाकडं सहज जातो.

"मग आक्काला कुणाकडनं?"

त्यांनी पाऊल थांबवलं. "ते शोधू नका."

पण घशाचे नमुने त्यांनी घेतले होते. काड्यांवर कापूस, प्रत्येक नळीवर चिठ्ठी. आठवड्यानं कागद आला आणि त्यांनी तो मला दाखवला, कारण मी मागितला. पालातल्या दोघींपैकी सुनेचा घसा स्वच्छ होता. माझाही. पण मी आधीपासून कॅप्सूल खात होते, त्यामुळं माझ्या कागदाला काही अर्थ नव्हता. नातीच्या घशात तो जंतू होता.

ती पोर रोज आक्काच्या कुशीत झोपायची. आक्काच्या ताटात जेवायची.

"हा तोच आहे का?" मी विचारलं.

"गट तोच. पण या गटात पुष्कळ प्रकार आहेत. तोच प्रकार होता का, हे सांगणारी तपासणी इथं होत नाही. अर्ध्या छावणीच्या घशात हा होता, सिस्टर. तुमच्याही असेल. ट्रॅक्टरवाल्याच्याही असेल." मग हलक्या आवाजात म्हणाले, "आणि असला तरी, चार वर्षांच्या पोरीनं काय करायला हवं होतं? आजीला मिठी मारायची नव्हती?"

मी कागदाची घडी केली. "हे घरच्यांना सांगू नका," म्हणाले.

"नाही सांगत," ते म्हणाले.

छावणीत बाया गाईला नावं ठेवत होत्या. गाय अवलक्षणी, म्हणत होत्या. मी त्यांना अडवलं नाही. पोरीपेक्षा गाईवर बोल गेलेला बरा, असा विचार मी केला, हे कबूल करते. दाजींनी गाय विकली नाही, मारलीही नाही. तिचं वासरू झालं तेव्हा ते तिच्या मानेला टेकून रडले, असं सुनेनं मला सांगितलं.

आक्काला जाऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. पलीकडच्या दावणीतल्या एका म्हाताऱ्या धनगर बाबांनी मला हाक मारली. बोरीचा काटा लागला होता हाताला. काटा निघाला होता, जखम दिसतही नव्हती. "लई ठणकतंय रं," ते आपल्याच पोराला सांगत होते, "कावून ठणकतंय इतकं?" पोरगा म्हणाला, सिस्टर, इंजेक्शन मारा म्हणजे झोपतील. मी कोपराच्या वर दाबलं आणि बाबा कळवळले. काटा बोटाला होता.

मी इंजेक्शन दिलं नाही. "कावून न्हाई देत?" बाबा रागावले. मी पेनानं त्यांच्या हातावर लालीची कड आखली, वर वेळ लिहिली, आणि डॉक्टरांना फोन लावला. तासाभरात लाली पेनाच्या रेघेच्या बोटभर पुढं गेली होती. दुपारपर्यंत बाबा नगरच्या ऑपरेशन टेबलावर होते. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांची कातडी काढावी लागली, मांडीची कातडी आणून लावली, दोन बोटं कायमची वाकडी राहिली. पण हात राहिला आणि बाबा राहिले. पुढं कुठं भेटले की ती बोटं दाखवून तक्रार करायचे, की तुमच्यामुळं मला कात्रीनं लोकर कापता येत नाही. मी म्हणायची, खरंय बाबा. आणि रस्त्याच्या कडेला जाऊन डोळे पुसायची. आक्काच्या वेळी मंगळवारीच जे कळायला हवं होतं, ते मला पंधरा दिवस उशिरा कळलं होतं.

पाऊस झाला, छावणी मोडली. माळावर खुंट्यांची भोकं राहिली, तीही बुजली. दाजी त्या वर्षी ऊस तोडायला गेले नाहीत. पुढच्या वर्षी गेले.

त्या मंगळवारचं मी कुणाला सांगितलं नाही, पण दाजींना एकदा सांगायचा प्रयत्न केला. सांधे दुखतात म्हणून ते उपकेंद्रात आले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "दाजी, मंगळवारीच मी तिला नगरला न्यायला पाहिजे होतं. मी दुखण्याचं इंजेक्शन देत बसले."

त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "ती मला फोनवर बोललती मंगळवारी. म्हणाली, बहीण हाय माझ्यापाशी, तुमी काळजी करू नगा." थांबले. "मग मी न्हाई केली."

ते बोल लावत होते की माफ करत होते, मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी त्यांचे गुडघे तपासले. दोन्ही, नीट, धोतर वर करून. मग गोळ्या दिल्या.

आता मी निवृत्त आहे. नात मोठी झाली, बारावीला आहे, आक्कासारखीच उंच. तिचा घसा धरला की सून तिला माझ्याकडं पाठवते, कारण मी औषधाचा शेवटचा दिवस होईपर्यंत पाठ सोडत नाही. पूर्ण दिवस नाही घेतलं तर हृदयाच्या झडपा बिघडतात, सांधे सुजतात, हे मी तिला सांगते आणि ते खरंच आहे. गेल्या हिवाळ्यात ती गोळ्या घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशीआजी, आमच्या आजीला पण हाच जंतू होता ना? कॉलेजात वाचलं मी."

"होय," मी म्हणाले.

"तिला कुठनं आला असंल?"

मी गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. "छावणीत सगळ्यांनाच होता," म्हणाले. "पाणी नव्हतं ना गं."

तिनं मान हलवली. पाण्याच्या घोटाबरोबर तिथंच एक गोळी घेतली, ओढणी नीट केली आणि क्लासला उशीर होतोय म्हणून निघून गेली.